फायटर जेटच्या पंखाखाली काय लावायचं अन् काय डब्यातच ठेवायचं

प्लास्टिक मॉडेलच्या किटचा डबा उघडला की सगळ्यात आधी नजर जाते ती मिसाईलच्या स्प्रूवर, म्हणजे सुटे भाग जिला चिकटून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवर, हे सगळ्यांचंच होतं. बॉम्ब, रॉकेट पॉड, तीन प्रकारच्या मिसाईल, दोन साईजच्या इंधनाच्या टाक्या, आणि मंग डोक्यात एकच विचार की पैसे दिलेत तं लावूनच टाकू ना. लग्नाच्या बुफेत काही लोक एकाच ताटात पनीरवर चाऊमीन अन् चाऊमीनवर गुलाबजाम घेतात ना, तसं विमान होऊन जातं. पेंट मस्त, पॅनल लाईन मस्त, वेदरिंग (जुनं-मळकट दाखवणं) मस्त, अन् खाली असं काहीतरी लटकलेलं की ज्याला थोडंफार कळतं तो दोन सेकंदात म्हणतो, भाऊ हे विमान उडलंच नसतं.

म्हणून हे लिहून राहिलो. लोडआउट, म्हणजे विमानाखाली काय काय लटकवायचं ते, कसा ठरवायचा, कोणत्या क्रमानं ठरवायचा, आणि कुठं थांबायचं. उदाहरणं बरीचशी आपल्या एअर फोर्सची घेतली, काऊन की नागपुरात मॉडेल करणाऱ्या पोरांपैकी बहुतेकांना भारतीय मार्किंगचंच विमान करायचं असतं, आणि घोळ सगळ्यात जास्त तिथंच होतो.

पहिली गोष्ट म्हणजे ब्रोशरवरचा आकडा डोक्यातून काढा. सुखोई-३० एमकेआयला १२ हार्डपॉईंट, म्हणजे वस्तू लटकवायच्या जागा, आहेत आणि तो ८ टनांपर्यंत वजन उचलतो हे खरं, पण म्हणून तो रोज १२ च्या १२ भरून उडतो असं नाही. प्रत्येक लटकलेल्या वस्तूचं वजन असतं, हवेला अडथळा असतो, त्यानं इंधन जास्त जळतं, रेंज कमी होते, वळायला जड जातं. वरून मिसाईल महाग, आणि पंखाखाली लटकून थरथरत उडण्याचं तिचं आयुष्य तासांत मोजलेलं असतं, त्यामुळं खरी मिसाईल उगाच रोज फिरवून आणत नाहीत. एफ-१४ टॉमकॅटचं बघा. सहा फिनिक्स मिसाईल लावलेला फोटो जगभर फिरतो, प्रत्येक दुसरा मॉडेलवाला तसंच करतो. पण एक फिनिक्स साधारण साडेचारशे किलोची, आणि सहा घेऊन उडालं अन् एकही डागली नाही तर तेवढं वजन परत घेऊन जहाजावर उतरता येत नव्हतं. त्यामुळं नेहमीच्या कामात चार, दोन, कधी एकच फिनिक्स आणि सोबत स्पॅरो-साईडवाइंडर या हलक्या मिसाईल, असंच दिसायचं. तो सहावाला फोटो टेस्टचा अन् प्रसिद्धीचा आहे.

मंग ठरवायचं कसं? माझ्या मते एकच प्रश्न विचारायचा: हे विमान त्या दिवशी कुठं चाललं होतं? याचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे. "१९७१, ढाक्यावर रॉकेट हल्ला." किंवा "साधी ट्रेनिंग सॉर्टी, दोन विमानं एकमेकांशी लढायची प्रॅक्टिस करून राहिली." किंवा "हँगरमध्ये उभं आहे, उद्या सर्व्हिसिंग." वाक्य ठरलं की अर्धं काम झालं. वाक्य ठरत नसेल तर स्प्रूला हात लावू नका.

त्या वाक्यात साल आलंच पाहिजे, कारण शस्त्रांना वय असतं. अ‍ॅमराम, म्हणजे एआयएम-१२० ही अमेरिकन मिसाईल, सर्व्हिसमध्ये आली १९९१ ला. तुमच्या एफ-१६ वर ८० च्या दशकातलं मार्किंग असेल आणि खाली अ‍ॅमराम असेल तर संपला विषय. साईडवाइंडर तर पन्नाशीच्या दशकापासून आहे, पण "बी" वेगळी, "एल" सत्तरीच्या शेवटची, "एक्स" थेट २००३ च्या आसपासची, आणि पुढचे पंख बघितले की लांबूनही फरक कळतो. किटवाल्या कंपन्या एकच स्प्रू चार डब्यांत टाकतात, त्यांना स्वस्त पडतं. त्यामुळं डब्यात निघालं म्हणजे त्या विमानाचं, असं समजू नका.

आता मिग-२१ घेऊ, कारण तो सगळ्यांना करायचाच असतो. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याला निरोप दिला तेव्हापासून तर जास्तच. पण मिग-२१ म्हणजे एक विमान नाही. १९७१ च्या लढाईतला एफएल, ज्याला टाईप ७७ म्हणतात, त्याला पंखाखाली फक्त दोन पायलॉन (वस्तू लटकवायचे खांब), एक इकडं एक तिकडं, आणि पोटाखाली मधोमध एक. बस. नंतरच्या एम आणि बिसला पंखाखाली चार. म्हणजे एफएलच्या पंखाखाली चार वस्तू दिसल्या की तिथंच चुकलं. पुढची गंमत अशी की एफएलला आतमध्ये तोफच नव्हती. म्हणून जीपी-९ नावाचा गन पॉड आला, त्यात २३ मिलिमीटरची दुनळी जीएसएच-२३. हा पॉड बसतो कुठं, तं त्याच मधल्या जागेवर जिथं ४९० लिटरची टाकी बसते. म्हणजे एक तर तोफ नाही तं टाकी, दोन्ही एकदम नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी तुमचा एफएल बाजारातल्या अर्ध्या मॉडेलपेक्षा बरा दिसेल.

मंग त्या दोन पायलॉनवर काय? हवेतल्या लढाईसाठी के-१३ मिसाईल, दोन. १२ डिसेंबर १९७१ ला ४७ स्क्वाड्रनच्या मिगनं कच्छच्या आखातावर पाकिस्तानचं एफ-१०४ पाडलं ते तोफेनं, तसं विमान करायचं असेल तर पंखाखाली के-१३ आणि पोटाखाली जीपी-९, इतकंच. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर २८ स्क्वाड्रनची मिग गेली ती ५७ मिलिमीटरची रॉकेटं घेऊन, तेव्हा त्याला यूबी-१६ पॉड, गोल तोंडाचा, १६ नळ्यांचा, प्रत्येक पंखाखाली एक. आणि ढाक्याच्या तेजगाव विमानतळाच्या धावपट्टीवर मारा केला तेव्हा ५०० किलोचे बॉम्ब, दोन. बघा, एकाच विमानाचे तीन लोडआउट आणि तिन्ही दोन-तीन वस्तूंत संपले. एडुआर्ड कंपनीच्या मिग-२१ किटमध्ये शस्त्रांचा ढीग येतो, त्यात आर-६० मिसाईल पण असतात, लहानशा, दिसायला लय भारी. पण त्या १९७१ नंतरच्या. बिसला लावा, एफएलला नाही. आरएस-२यूएस पण निघते, ती पण एफएलची नाही, बाजूला ठेवा.

एक फुकटची टीप. के-१३ ही अमेरिकन साईडवाइंडरचीच नक्कल आहे. १९५८ ला तैवानजवळ एक साईडवाइंडर चिनी मिगमध्ये न फुटता अडकून राहिली, ती रशियाला गेली आणि तिथून के-१३ निघाली. त्यामुळं तुमच्या उरलेल्या डब्यात जुन्या फँटमची नाहीतर सेबरची एआयएम-९बी पडली असेल तर ती १/७२ मध्ये (खऱ्याच्या ७२ व्या हिश्श्याच्या मापात) के-१३ म्हणून बिनधास्त चालते. फक्त मधला लाँचर रेल, म्हणजे मिसाईल जिच्यावर बसते ती पट्टी, रशियन पद्धतीचा घ्या.

साल आणि व्हेरियंट झालं की दुसरा नंबर इंधनाचा. लोक आधी मिसाईल ठरवतात अन् उरलेल्या जागी टाक्या लावतात. खऱ्या स्क्वाड्रनमध्ये उलट चालतं. किती दूर जायचं, मंग किती टाक्या, मंग उरलेल्या जागांवर शस्त्रं. मिराज २००० हे शिकायला सगळ्यात चांगलं विमान. पंखाखाली आतल्या जागेवर २००० लिटरची मोठी टाकी बसते, आणि सुपर ५३० डी ही मोठी रडार मिसाईल पण त्याच आतल्या जागेवर बसते. म्हणजे एअर डिफेन्सचं मिराज करायचं तर आतल्या पायलॉनवर सुपर ५३०, बाहेरच्यावर मॅजिक ही छोटी मिसाईल, आणि पोटाखाली १३०० लिटरची टाकी. लांबच्या हल्ल्याचं करायचं तर आत मोठ्या टाक्या, बाहेर मॅजिक, आणि बॉम्ब पोटाकडच्या जागांवर. चारही मिसाईल आणि दोन्ही मोठ्या टाक्या एकदम, हे बसतच नाही.

आणि सुखोई-३० ला बाहेरच्या टाक्या नसतात. नसतात म्हणजे नसतात. पोटातच साडेनऊ टनांच्या वर इंधन जातं त्याच्या. तरी कोणीतरी दरवर्षी मिग-२९ ची टाकी उचलून सुखोईच्या दोन इंजिनांमध्ये चिकटवतोच. मिग-२९ ला ती मधली १५०० लिटरची टाकी शोभते, तिथंच राहू द्या. (जुन्या मिग-२९ मध्ये ती टाकी लावलेली असताना तोफ मारता येत नव्हती, काडतुसं बाहेर पडायची जागा झाकली जायची.)

सुखोईवर ब्रह्मोस लावायचा मोह तर सगळ्यांनाच. लावा ना, नागपूरकर असून नाही कसं म्हणणार. पण मंग मधोमध एकच, खास मजबूत केलेल्या पायलॉनवर, आणि हे फक्त त्यासाठी बदल केलेल्या विमानांवरच. २२ नोव्हेंबर २०१७ ला पहिल्यांदा सुखोईवरून डागली, आणि २०२० च्या जानेवारीत तंजावरला २२२ स्क्वाड्रन ब्रह्मोसवाल्या सुखोईंसकट उभी राहिली. २००५ च्या मार्किंगवर ब्रह्मोस नको. अडीच टनाची वस्तू पोटाखाली असताना पंखाखाली बॉम्बची रांग पण नको, स्वतःच्या बचावाला दोन-चार आर-७३ आणि आर-७७ या हवेतल्या लढाईच्या मिसाईल पुरे.

तिसरा प्रश्न, नेम कोण धरून राहिलं? लेझर बॉम्ब आपोआप जात नाही, कोणीतरी लेझर टाकावा लागतो. म्हणून पंखाखाली पेव्हवे, म्हणजे अमेरिकन लेझर बॉम्ब, लावला की लेझर टाकणारा टार्गेटिंग पॉड लावा, नाहीतर पॉडवालं दुसरं विमान सोबत होतं असं तुमच्या त्या एका वाक्यात तरी पाहिजे. कारगिलचं उदाहरण सगळ्यात चांगलं. १७ जून १९९९ ला मुंथो ढालोचा कॅम्प मिराजनी उडवला तो साध्या २५० किलोच्या बॉम्बनी. २४ जूनला टायगर हिलवर लाईटनिंग पॉड आणि १००० पौंडी पेव्हवे-२. एकाच आठवड्यातल्या दोन गोष्टी, एकच विमान, आणि मॉडेल अगदी वेगळं दिसतं. पण लेझर बॉम्ब त्या अख्ख्या लढाईत मोजकेच पडले, बाकी सगळा साधाच माल होता. त्यामुळं कारगिल म्हटलं की पेव्हवेच पाहिजे असं नाही, साधे बॉम्ब लावलेलं मिराज जास्त खरं. अमेरिकेचं पण तेच, १९९१ च्या गल्फमधली एफ-१६ बहुतेक साधे बॉम्बच टाकत होती, पोटाखाली जॅमिंग पॉड (शत्रूचं रडार गोंधळवणारा), दोन टाक्या, दोन मार्क-८४ बॉम्ब, झालं.

देश बदलला की शस्त्र बदलतं, हे पण बघा. सी हॅरियरचं किट घेतलं, भारतीय नेव्हीचे डेकल (मार्किंगचे स्टिकर) लावले, आणि डब्यात होती म्हणून साईडवाइंडर चिकटवली. आपल्या सी हॅरियरवर फ्रेंच मॅजिक होती भाऊ, नंतर अपग्रेड झाल्यावर डर्बी आली. मॅजिक कुठून आणायची, तं मिराजच्या किटमधून उरलेली. जॅग्वारची अजून मजा. आपल्या जॅग्वारची मिसाईल पंखाच्या वर बसते, खाली नाही. आधी मॅजिक, नंतर अस्राम. ब्रिटिशांनी पण १९९१ मध्ये पंखावर साईडवाइंडर लावल्या होत्या, फ्रेंच जॅग्वारला मात्र ते वरचे पायलॉन नव्हतेच. त्यामुळं जॅग्वारचं किट घेताना डब्यात ओव्हरविंग पायलॉन आहेत का, हे आधी विचारा, मागवून झाल्यावर नाही. ६ स्क्वाड्रनचं समुद्रावरचं जॅग्वार करत असाल तर पोटाखाली एक सी ईगल, ही जहाजांवर डागायची मिसाईल, मोठी, जाडजूड. ते एकच लावलं तरी सगळ्यांची नजर तिथंच जाते.

आता फोटो. शेवटचा शब्द फोटोचाच, पण कोणता फोटो हे पाहावं लागतं. बंगळुरूच्या एरो इंडियात विमान उभं करतात, पंखाखाली सगळं लावतात आणि वरून समोर जमिनीवर पण मिसाईल मांडून ठेवतात, ते दुकान आहे, त्यावरून फक्त कोणती वस्तू कशी दिसते एवढं घ्या. २६ जानेवारीच्या फ्लायपास्टमधलं विमान पण सजवून निघालेलं असतं. प्रोटोटाईपचे फोटो तर अजून फसवे, टेस्टसाठी काहीही लावून उडवतात. भरवशाचे म्हणजे सरावाचे अन् तळावरचे फोटो, ज्यात विमान मळकट असतं, पायलॉनचा रंग उडालेला असतो, आणि कोणाचं कॅमेऱ्याकडं लक्ष नसतं. विमानाचा टेल नंबर, साल आणि जागा, तिन्ही माहीत असलेला एक फोटो हा बिननावाच्या पन्नास फोटोंपेक्षा कामाचा.

आपल्याकडं अजून एक सोय आहे जी मुंबई-पुण्याच्या पोरांना नाही. वायुसेना नगरात मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय, त्यामुळं एअर फोर्समधून रिटायर झालेले काका आपल्या कॉलनीत भेटतातच, आणि अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आयुष्य काढलेले पण. कोणी आर्मामेंटच्या ट्रेडमधले असतील तर त्यांच्यासमोर चहा ठेवा अन् विचारा, काका, रॅक कसा घासला जायचा, पिन कुठं असायची, बॉम्ब ट्रॉलीवरून कसा चढवायचे. आजचं काय चाललं ते विचारू नका, ते सांगणार पण नाहीत आणि विचारणं बरं पण नाही. तीस वर्षांपूर्वीच्या मिगवर मात्र ते दोन तास बोलतात. आणि सोनेगावकडं एअर फोर्सच्या भिंतीजवळ मोबाईल काढून उभं राहू नका, रेफरन्स पाहिजे म्हणून सांगितलं तरी कोणी ऐकून घेत नाही.

दोन्ही बाजू सारख्याच पाहिजे, हा पण एक गैरसमज. जड वस्तू दोन्हीकडं बरोबरीनं ठेवतात हे खरं, पण हलक्या वस्तूंत बराच तिरपेपणा चालतो. ए-१० बघा, एका बाहेरच्या टोकाला जॅमिंग पॉड, दुसऱ्या टोकाला साईडवाइंडरची जोडी. एफ-१६ च्या तीन बॉम्बवाल्या रॅकवर पुष्कळदा दोनच बॉम्ब असतात, एक जागा मुद्दाम रिकामी, कारण बाजूची टाकी नाहीतर खालचं चाक मधे येतं. तीनची जागा आहे म्हणून तीन भरू नका. आणि मॉडेलला चाकं लावून झाल्यावर एकदा खालून बघा, चाकाचं दार पूर्ण उघडतंय का, बॉम्बचा पंख जमिनीला टेकून राहिला का. खऱ्या विमानाला जी अडचण ती तुमच्या मॉडेललाही येते, मापं तीच ना.

सगळ्यात खरा लोडआउट कोणता विचाराल तर माझं मत, ट्रेनिंगचा. एका टोकाला निळ्या पट्ट्याची ट्रेनिंग साईडवाइंडर, एकच, दुसऱ्या टोकाला एसीएमआय पॉड, म्हणजे लढाईच्या सरावाची नोंद करणारी नळी, पोटाखाली एक टाकी, बाकी पायलॉन रिकामे. वर्षभर एफ-१६ असंच उडतं. मॉडेलवाले हे करत नाहीत कारण खाली काही दिसत नाही म्हणतात. पण रिकाम्या पायलॉनवर काम करा ना, स्वे ब्रेस दाखवा, म्हणजे बॉम्ब हलू नये म्हणून धरणारे ते चार पाय, बारीक भोकं पाडा, काळपट वॉश (पातळ रंगाचा हात) द्या, पाहणारा तिथंच वाकून बघतो.

उभं विमान आणि उडतं विमान यात गल्लत नको. स्टँडवर उडतं दाखवत असाल तर लाल "रिमूव्ह बिफोर फ्लाईट" पट्ट्या एकही नको, मिसाईलच्या तोंडावरचं झाकण नको. जमिनीवर उभं असेल आणि खरी शस्त्रं लावली असतील तर पट्ट्या पाहिजेत, साईडवाइंडरच्या तोंडावर झाकण पाहिजे. पायलट बसलाय, कॅनोपी बंद, इंजिन चालू आणि पट्ट्या लटकून राहिल्या, असं मॉडेल मी प्रदर्शनात दरवेळी बघतो.

रंगाचा नियम अमेरिकन मालासाठी सोपा आहे. पिवळा पट्टा म्हणजे आत स्फोटक, तपकिरी म्हणजे रॉकेट मोटर, निळा म्हणजे सरावाचा नाहीतर निकामी माल. म्हणून खऱ्या साईडवाइंडरवर पिवळा आणि तपकिरी दोन्ही दिसतात. आणि निळी मिसाईल एका पंखाखाली अन् पिवळ्या पट्ट्याचा बॉम्ब दुसऱ्या पंखाखाली असं सहसा करू नका. नेव्हीच्या बॉम्बवर एक खरबरीत थर असतो, आगीत लवकर फुटू नये म्हणून. १९६७ ला फॉरेस्टल जहाजावर आग लागून बॉम्ब फुटले, त्यानंतर हे आलं. मॉडेलवर तो थर करायला प्रायमर दुरून, थोडा वाळलेलाच पडेल असा मारा. नाहीतर पातळ पुट्टी ब्रशनं ठोकत लावा. एअर फोर्सचा बॉम्ब मात्र गुळगुळीत. रशियन मिसाईल पांढरट नाहीतर फिकट राखाडी, पण एकदम टूथपेस्टसारखी शुभ्र नको, थोडा राखाडी मिसळा.

माप तपासायची सवय लावा, कारण स्वस्त किटमधली शस्त्रं कधी जाड असतात, कधी आखूड. खरी लांबी मिलिमीटरमध्ये घ्या आणि ७२ नाहीतर ४८ नं भागा, एवढंच. आर-७३ साधारण २.९ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये ४० मिलिमीटर, १/४८ मध्ये ६०. आर-७७ ३.६ मीटर, म्हणजे ५० आणि ७५. आर-६० फक्त २.१ मीटर, म्हणजे २९ आणि ४४. मार्क-८२ बॉम्ब २.२ मीटर, १/७२ मध्ये ३१. ब्रह्मोस ८ मीटरच्या वर, म्हणजे १/७२ मध्ये पण ११ सेंटीमीटरहून लांब, आणि तेवढी लांब वस्तू पोटाखाली मावते का हे कापायच्या आधी बघा. साईडवाइंडरची जाडी १/७२ मध्ये पावणेदोन मिलिमीटर भरते, किटमधली याच्या दीडपट निघाली तर बदला. हासेगावाच्या बऱ्याच जेट किटमध्ये शस्त्रं नसतातच, त्यांचे वेगळे वेपन सेट घ्यावे लागतात. एक सेट तीन मित्रांत घेतला तर परवडतो, कोणाला बॉम्ब, कोणाला मिसाईल. एडुआर्डचे रेझिनवाले (साच्यात ओतून केलेले, जास्त बारीक कामाचे) महाग पण आर-७७ च्या मागच्या जाळीच्या पंखांसाठी तेच बरे, प्लास्टिकमध्ये ती जाळी बिस्किटासारखी भरीव येते. साधा बॉम्ब, टाकी यासाठी रेझिनवर पैसे घालू नका.

लावताना एक मोठी चूक जी सगळीकडं दिसते ती म्हणजे मिसाईल सरळ पायलॉनला चिकटवणं. मधे लाँचर रेल पाहिजे. पायलॉन, मंग रेल, मंग मिसाईल. रशियन मिसाईलचे रेल वेगवेगळे, आर-६० चा एपीयू-६०, आर-७३ चा एपीयू-७३, किटच्या कागदावर बाण बघून घ्या. पंख बघताना गुणाकाराच्या खुणेसारखे आले पाहिजेत, अधिकच्या खुणेसारखे नाही, बहुतेक मिसाईल आणि बॉम्ब तसेच लटकतात. आणि सगळ्या वस्तू पुढून बघितल्या की एकाच दिशेला नाक करून असाव्यात, एकही वाकडी असली की सगळं विमान वाकडं वाटतं.

रंगवायच्या सगळ्या वस्तू विमानाला लावायच्या आधीच रंगवा, खराट्याच्या काडीवर टोचून थर्माकोलमध्ये उभ्या करा. मे महिन्यात आपल्याकडं ४५ च्या वर पारा जातो तेव्हा दुपारी अ‍ॅक्रिलिक एअरब्रशच्या तोंडातच वाळतो, त्यामुळं पहाटे नाहीतर रात्री, आणि रिटार्डर (रंग हळू वाळवणारं द्रव) दोन थेंब जास्त. कूलरसमोर बसून वार्निश मारू नका, ओलसर हवेनं ते दुधाळ होतं आणि बारीक पंख उडून सोफ्याखाली जातात ते वेगळं. मिसाईलचं काचेचं तोंड असेल, आर-६०, आर-७३, साईडवाइंडर, तर शेवटी चकचकीत काळा आणि त्यावर ग्लॉस. तिथं जवळपास फेविक्विक नको, पांढरी वाफ बसते. रडारवाल्या मिसाईलचं तोंड मात्र मॅटच.

ठरवताच येत नसेल तर छोटे निओडिमियम चुंबक वापरा, एक पायलॉनमध्ये, एक रेलमध्ये, १/४८ ला आरामात बसतात. आज ढाक्याचं रॉकेटवालं, उद्या के-१३ आणि गन पॉडवालं. चुंबकाची दिशा चिकटवायच्या आधी मार्करनं खूण करून ठेवा, सगळे पायलॉन एकाच दिशेचे, म्हणजे कोणतीही वस्तू कुठंही बसेल.

जे उरेल ते फेकू नका. औषधांच्या दुकानात ते आठवड्याच्या गोळ्यांचे कप्पेवाले डबे मिळतात, त्यात देशानुसार टाका, रशियन एका कप्प्यात, फ्रेंच एका, अमेरिकन एका, आणि वर स्केल लिहा, कारण १/७२ ची आर-७७ आणि १/४८ ची आर-७३ यांच्यात लांबीचा फरक फक्त एक सेंटीमीटर, सहा महिन्यांनी नुसतं बघून ओळखू येत नाही. कोणाकडं १/७२ चे जास्तीचे मॅजिक पडले असतील तर सांगा, माझ्याकडं आर-६० ढीगभर आहेत, बदल्यात देतो.